घारापुरीचा हत्ती आणि राणीची बाग

पेण किंवा रोहा येथील एखादें कुटुंब मुंबईस गेलें म्हणजे त्याचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. लग्नकार्याची खरेदी, डॉक्टरांची भेट, दादर-गिरगांवांतील आप्तेष्टांकडे एखादें जेवण. आणि बरोबर मुलें असलीं तर अर्धा दिवस राणीच्या बागेंत. तेथें मुलें वाघ पाहतात, अलीकडे पेंग्विन पक्षी पाहतात, आणि दमून परत येतात. बागेच्या दारापाशींच एक भव्य दुमजली इमारत उभी आहे. तिच्यासमोर क्षणभर थांबून एखादें मूल विचारतें, "आजोबा, आंत काय आहे?" "जुन्या वस्तू आहेत," एवढें उत्तर मिळतें आणि मंडळी पिंजऱ्यांकडे वळतात. या एका उत्तरामुळें किती गोष्टींस मुकावें लागतें, आणि त्यांतील कांहीं तर आपल्याच जिल्ह्यांतल्या कशा आहेत, हें सांगण्याचा या भाषणाचा हेतु आहे.

कलासंग्रह आणि बाग यांची सांगड कशी घालावी याचा उत्तम धडा जपानांतील टोकिओ शहर देतें. तेथें आओयामा नांवाच्या भागांत नेझु संग्रहालय आहे. काइचिरो नेझु या रेल्वेच्या धंद्यांतील धनिकानें आयुष्यभर जमविलेला हा संग्रह त्याच्या निधनानंतर, 1941 सालीं, त्याच्या राहत्या जागेंत लोकांस खुला झाला. 1945 च्या बॉम्बहल्ल्यांत तेथील इमारत जळाली. परंतु संग्रह वाचला, आणि आजची नवी वास्तु 2009 सालीं उघडली. या संग्रहांत ओगाता कोरिन या चित्रकाराचे दोन घडीचे पडदे आहेत. सोनेरी भूमीवर आयरिस नांवाचीं निळीं फुलें आणि हिरवीं पानें, याखेरीज त्या चित्रांत कांहीं नाहीं; पाणी नाहीं, पूल नाहीं, माणूस नाहीं. हे पडदे वर्षभर मांडून ठेवीत नाहींत. वसंत ऋतु सरतांना संग्रहालयाच्या मागील बागेंत, तळ्याच्या कांठीं, तींच फुलें उमलतात, आणि त्याच सुमारास कांहीं आठवडे ते बाहेर काढतात. पाहुणा आधीं चित्र पाहतो, मग बागेंत जाऊन फूल पाहतो, आणि पुन्हा चित्राकडे येतो. तेव्हां त्यास कळतें कीं, चित्रकारानें काय घेतलें याइतकेंच त्यानें काय सोडून दिलें हेंही महत्त्वाचें आहे.

अशी सोय आपल्याकडे कोठें आहे, असा प्रश्न कोणी विचारील. तिचें उत्तर भायखळ्यास आहे. टोकिओचें राष्ट्रीय संग्रहालय आपला आरंभ 1872 सालच्या एका प्रदर्शनापासून मोजतें. त्याच वर्षीं, मे महिन्यांत, मुंबईचें हें संग्रहालय लोकांस खुलें झालें. त्या वेळीं त्याचें नांव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम असें होतें. 1975 पासून तें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय या नांवानें ओळखलें जातें.

या संग्रहाचें मूळ त्याहूनही जुनें आहे. 1855 च्या पॅरिस येथील प्रदर्शनाकरितां मुंबई इलाख्यांतून कारागिरीच्या व कच्च्या मालाच्या वस्तू गोळा करण्यांत आल्या होत्या. त्या निमित्तानें कोटांतील एका बराकींत एक लहानसा सरकारी संग्रह मांडला गेला. 1857 सालीं बंडाच्या धामधुमींत ती बराक लष्करास हवी झाली. वस्तू घाईघाईनें बाहेर काढल्या गेल्या आणि बऱ्याचशा नष्ट झाल्या. तेव्हां संग्रहास स्वतःची इमारत असावी म्हणून शहरांतील प्रमुख नागरिक पुढें सरसावले. त्यांत नाना शंकरशेट होते; आणि डॉ. भाऊ दाजी हे जॉर्ज बर्डवुड यांच्यासह समितीचे चिटणीस होते. भाऊ दाजी मूळचे गोव्यांतील मांद्र्याचे. धंद्यानें ते वैद्य, व्यासंगानें शिलालेखांचे अभ्यासक. 1862 सालीं पायाभरणी झाली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें त्या वेळीं मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला होता, आणि वर्गणीस तोटा नव्हता. परंतु 1865 सालीं युद्ध संपलें, शेअरबाजार कोसळला, आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले. नाना शंकरशेट त्याच वर्षीं वारले. भाऊ दाजींचीही सर्व संपत्ति गेली. काम रखडलें; अखेर सरकारनें तें हातीं घेऊन पुरें केलें. ज्यानें या वास्तूसाठीं दारोदार खटपट केली, तो ती उघडली त्या दिवशीं निर्धन होता, आणि 1874 सालीं त्याचा अंत झाला. आंत पाऊल टाकण्यापूर्वीं एवढें स्मरण पुरे आहे.

आतां बागेकडे वळावें. ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीची जुनी बाग शिवडीस होती. ती जागा दफनभूमीकडे गेल्यावर भायखळ्यास नवी बाग तयार झाली आणि नोव्हेंबर 1862 मध्यें ती उघडण्यांत आली. आज तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. प्राण्यांसाठीं ती प्रसिद्ध असली तरी मुळांत ती वृक्षांची बाग आहे. आफ्रिकेंतून आलेली, बुंध्यानें अवाढव्य अशी गोरखचिंच. ब्रह्मदेशांतील उर्वशी, जिचे लाल फुलोरे झुंबरासारखे खालीं लोंबतात. खोडालाच फुलें धरणारा कैलासपति. अशीं झाडें एका आवारांत पाहावयास मिळणें हें शहरांत मोठें भाग्य समजावें. कोंकणांतील माणसास झाडांचें नवल नाहीं, हें खरें. आंबा, फणस, सुरंगी हीं त्याच्या घरचींच आहेत. परंतु दूरदेशींचा वृक्ष आपल्या मातींत दीडशें वर्षें कसा रुजला, हें त्यासही पाहण्यासारखें आहे.

बागेंत झाडांबरोबर पाषाण आणि धातूही आहेत. 1965 सालीं मुंबईच्या चौकांतून इंग्रजी अमलांतील पुतळे हलविण्यांत आले. त्यांपैकीं कित्येकांस येथें आसरा मिळाला. ज्याच्यामुळें 'काळा घोडा' हें नांव एका सबंध वस्तीस पडलें, तो राजपुत्र एडवर्डचा अश्वारूढ पुतळा येथेंच आहे.

परंतु पेण-रोह्याच्या पाहुण्यानें सर्वांत आधीं ज्याच्यापुढें उभें राहावें, तो म्हणजे संग्रहालयाबाहेरील दगडी हत्ती. हा हत्ती घारापुरीचा आहे. घारापुरी बेट आज रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत मोडतें. तेथील धक्क्याजवळ हा हत्ती शतकानुशतकें उभा होता. पोर्तुगीज आले, त्यांनीं तो पाहिला, आणि त्यावरूनच बेटास 'एलिफंटा' म्हणूं लागले. 1814 सालीं त्याची मान व मस्तक निखळून पडलें. पुढें 1864 सालीं तो इंग्लंडास नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना यारी तुटली आणि हत्ती खालीं आदळून त्याचे तुकडे झाले. तुकड्यांची ती रास इंग्लंडास गेली नाहीं. ती राणीच्या बागेंत आणून टाकण्यांत आली. तेथें ती जवळजवळ पन्नास वर्षें तशीच पडून होती. अखेर 1914 सालीं कॅडेल व ह्युएट या दोघांनीं ते तुकडे ओळखून, जुळवून, हत्ती पुन्हा उभा केला.

जवळ जाऊन पाहिल्यास सांधे दिसतात. मुलांस ते अवश्य दाखवावेत. हत्ती मूळ जागीं राहिला असता तर बरें झालें असतें, असें कोणास वाटेल. आणि तें वाटणें रास्त आहे. ज्या बेटास त्यानें नांव दिलें, तेथें आज तो नाहीं. उलट, तुकडे कोणी जुळविलेच नसते तर नांवामागची वस्तु कायमची नाहींशी झाली असती. संग्रहालयाविषयींचा सगळा वाद या एका हत्तींत सामावलेला आहे: वस्तु तिच्या ठिकाणाहून हलली कीं तिचा अर्धा अर्थ जातो, आणि तिची निगा राखणारें कोणी नसेल तर उरलेला अर्धाही जातो.

आंत गेल्यावर प्रथम डोळ्यांत भरतात ते लोखंडी खांब, कठडे आणि छतावरील रंग व सोनेरी काम. विसाव्या शतकाच्या अखेरीस या वास्तूची फार दुर्दशा झाली होती. मुंबई महानगरपालिका, इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनीं मिळून 2003 पासून तिचा जीर्णोद्धार केला. 2005 सालीं त्या कामास युनेस्कोचा सर्वश्रेष्ठ पुरस्कार मिळाला, आणि 2008 च्या आरंभीं संग्रहालय पुन्हा उघडलें.

येथील वस्तूंत मातीच्या लहान लहान मूर्तींचा संच पेणच्या माणसास विशेष जवळचा वाटेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या संग्रहालयाचे प्रमुख सर ज. जी. कलाशाळेशीं निकट संबंध असलेले होते. त्या काळीं मुंबईंतील निरनिराळ्या जातींचे व धंद्यांचे लोक, त्यांचीं पागोटीं, वेष, हत्यारें यांच्या प्रतिकृती घडवून घेण्यांत आल्या. कोणी कोळीण, कोणी कारागीर; वीतभर उंचीची आकृति, पण बसण्याची ढब अचूक. पाहुणा काठ्यापदराचें नेसणें पाहून म्हणतो, "आमच्या आजीचें असेंच होतें."

पेण आणि आसपासच्या हमरापूर, जोहे इत्यादि गांवांत गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. शाडूची माती मळणें, ती साच्यांत दाबणें, सांधे लिंपणें, वाळविणें, रंगविणें, आणि सर्वांत शेवटीं कुशल हातानें डोळ्यांची आखणी करणें. या प्रत्येक पायरीची माहिती तेथील मुलांसही असते. अशा मुलास या कपाटांपुढें उभें केलें कीं तें आपोआप परीक्षक होतें. बोटें कशीं काढलीं आहेत, कपड्याची चुणी कोरली कीं दाबली, डोळा आखतांना हात हलला कीं नाहीं, हें त्याला दिसतें. शहरांतील शिकलेल्या माणसाला पुष्कळदां दिसत नाहीं. एक भेद मात्र त्याच्या ध्यानीं आणून द्यावा. पेणची मूर्ति विसर्जनासाठींच घडते; ती पाण्यांत विरघळली तरच तिचें कार्य पुरें होतें. येथील मूर्ति राहण्यासाठीं घडविली आहे. माती तीच, कसब तेंच, हेतु मात्र निराळा.

दिवस हातीं असेल तर दुसरें संग्रहालय पाहावें. तें काळा घोडा भागांत आहे. पूर्वींचें प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम, आतांचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. 1905 सालीं त्याची कोनशिला बसली, 1914 मध्यें इमारत पुरी झाली, महायुद्धांत तिचा उपयोग लष्करी रुग्णालयाकडे झाला, आणि 1922 सालीं ती संग्रहालय म्हणून उघडली. जॉर्ज विटेट यांनीं ती कुर्ल्याच्या काळ्या व मालाडच्या पिवळसर दगडांत बांधली. समोर हिरवळ व झाडें असल्यानें रस्त्यावरील गलबला दारापर्यंत पोंचत नाहीं. मन शांत करून आंत शिरतां येतें. येथें सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपाभोंवतीच्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. 1909-10 सालच्या उत्खननांत त्या सांपडल्या. पंधराशें वर्षांपूर्वींच्या कुंभाराच्या हाताचें काम पाहून पेणच्या कारागिराची मान आदरानें लवेल. सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या जपानी वस्तूही येथेंच आहेत. टोकिओ दूर असलें तरी जपानी कारागिरीचें दर्शन मुंबईंत घडूं शकतें.

जाण्याची रीत सोपी आहे. रोह्याहून निघणारी गाडी पेण, पनवेल करीत दिव्यास पोंचते. तेथून लोकल गाडीनें भायखळा. राणीची बाग आणि तेथील संग्रहालय बुधवारीं बंद असतें, तो वार टाळावा. निघण्यापूर्वीं वेळांची चौकशी करावी. उन्हें चढण्यापूर्वीं बाग, दुपारीं संग्रहालय, आणि संध्याकाळीं पुन्हा झाडाखालीं थोडें बसणें, असा क्रम ठेवावा. सर्व कांहीं पाहण्याचा हव्यास धरूं नये. एका भेटींत पांच वस्तू निवडाव्या आणि प्रत्येकीपुढें मुलांस चार प्रश्न विचारावे: ही कशाची आहे? कोणीं व कशी केली? कशासाठीं केली? आणि ती येथें कशी आली? शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विचारीत नाहींत. घारापुरीच्या हत्तीपुढें तो विसरणें शक्य नाहीं.

घरीं परतल्यावर या भेटीचें खरें फळ दिसावें. कोंकणांतील जुन्या घरांच्या माळ्यांवर पंचपाळीं, समया, आतेपाटे, मोडी दफ्तरें, उतरवून ठेवलेले कोरीव खांब पडून असतात. घर नवें बांधतांना हें सारें भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातें. किती पैसे आले याची तेवढी नोंद होते. तें विकण्यापूर्वीं घरांतील वडील माणसाकडून प्रत्येक वस्तूचें नांव, तिचा उपयोग आणि ती कोणाची, हें एका वहींत लिहून घेण्यास एक रविवार पुरतो. घारापुरीचा हत्ती अर्धशतक तुकड्यांच्या रूपांत पडून राहिला, तरी ते तुकडे एकत्र राहिले म्हणून तो पुन्हा उभा राहूं शकला. विखुरलेल्या घरच्या वस्तूंना तशी संधि दुसऱ्यांदां मिळत नाहीं.