जोते तपासणीचा दिवस

सकाळी 6.30
मिरजेची साइट. काल रात्री थंडी होती म्हणून पाणी मारायला टाळाटाळ करू नये, एवढं सांगायला मी लवकर येतो. मुकादम मजूर घेऊन आला की विचारतो, "दादा, आज विटा चढवायच्या का?" आज नाही. आज जोत्याची तपासणी आहे आणि ती होईपर्यंत वर एक वीटही नाही.

9.45
महापालिकेचे कनिष्ठ अभियंता टेप घेऊन हजर. मंजूर नकाशा जोत्यावरच पसरला. पूर्वेला दीड मीटर सामासिक अंतर दाखवलंय. भरलं त्याहून थोडं जास्त. बाहेरचा गिलावा चढला की अंतर कमी होतं, म्हणून मी आखणीतच दोन इंच जादा सोडतो. घरमालक निवृत्त शिक्षक आहेत. पायाच्या वेळी स्वयंपाकघर अर्धा फूट बाहेर काढा म्हणून ते अडून बसले होते: "अरे, अर्ध्या फुटानं काय होतंय?" आज टेपकडे बघत गप्प उभे होते. भिंती उभ्या राहिल्यावर तोच अर्धा फूट पाडून काढावा लागला असता, नाहीतर भोगवटा प्रमाणपत्र अडलं असतं.

11.30
सार्वजनिक बांधकाम विभाग. बांधकाम परवानगी निघते मालकाच्या नावानं, नकाशावर सही परवानाधारक अभियंत्याची, आरसीसीची जबाबदारी स्ट्रक्चरल इंजिनिअरची. खासगी घर बांधताना ठेकेदाराला "तुझं लायसन्स दाखव" असं सहसा कुणी म्हणत नाही. सरकारी काम हवं असेल तर मात्र नोंदणी लागते. मी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून अर्ज भरलाय: पदविकेचं प्रमाणपत्र, रहिवास दाखला, कुठेही नोकरीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, पॅन, जीएसटी. छोट्या कामांचं वाटप तीन गटांत ठरलेल्या प्रमाणात चालतं, बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार. खिडकीवरच्या बाईंनी प्रतिज्ञापत्रातलं नाव आणि पॅनवरचं नाव जुळवून पाहिलं. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे फक्त आद्याक्षर. "हे सारखं करून आणा." परत नोटरीकडे.

दुपारी 2.30
जेवण साइटवरच. गवंड्याच्या बायकोनं बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीचा फॉर्म पुढे केला. बांधकाम कामगार म्हणून नोंद व्हायला मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदार देऊ शकतो. हजेरीवही काढून दिवस मोजले, मगच सही केली. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर भरला जातो तो याच लोकांसाठी. तो त्यांच्यापर्यंत पोचायला माझी वही नीट असावी लागते.

4.30
दुसऱ्या साइटवर कॉलमचं काँक्रीट. एम20 चे, 150 मिलिमीटरचे क्यूब भरले, प्रत्येकावर तारीख कोरली. काही 7 दिवसांनी फोडायचे, बाकीचे 28 दिवसांनी.

संध्याकाळी 6.30
मजुरांना आठवड्याची मजुरी वाटली. उद्या बाजार, त्यामुळे उचल मागणारेही जास्त.

रात्री 8.30
नव्या गिऱ्हाईकाचा फोन. "दीड गुंठ्याचा प्लॉट आहे. 150 चौरस मीटरपर्यंत पैसे भरल्याची पावती हीच परवानगी म्हणे. सोमवारी खोदाई करूया."

"दीड गुंठा म्हणजे 151 चौरस मीटरच्या वर जातो, काका. आणि 150 च्या आत असला तरी नकाशा परवानाधारक अभियंत्यानं दाखल करावा लागतो."

"एक-दोन मीटरचा काय तो फरक! दुसरा ठेकेदार सोमवारी यायला तयार आहे."

"त्यांना खुशाल बोलवा. फक्त भोगवटा काढून द्यायचंही कबूल करून घ्या, कागदावर."

पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "बरं, सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन कधी येऊ?"