पायांपासून सुरुवात

हिवाळ्याची सुट्टी संपवून कॅडेट परतले की पहिल्या आठवड्यात हाऊसमध्ये एक दृश्य ठरलेले असते. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर लाल शाईने नव्या वर्षाचे संकल्प लिहिलेले असतात : रोज पहाटे साडेचारला उठणार, शंभर पुशअप्स काढणार, थंड पाण्याने अंघोळ करणार, गोड खाणार नाही. महिनाअखेरीस कपाट तपासायला जावे, तर कागद जागच्या जागी असतो आणि लिहिणारा शेवटच्या शिट्टीपर्यंत रजईत असतो. कुणाची थट्टा करायची म्हणून हे सांगत नाही. त्या वयात मीही असे कागद चिकटवले आहेत.

त्या यादीत काय नसते, याचे मला जास्त आश्चर्य वाटते. पाय, त्वचा, झोप, दात, पाणी यांपैकी काहीच नसते. 'स्वतःची काळजी घेणे' हे शब्द आपल्या वातावरणात जरा लाडाचे वाटतात. जवान होऊ पाहणाऱ्याने कसली काळजी घ्यायची, असा एक समज आहे. तो कॅडेटमध्ये असतो तसा आम्हा शिक्षकांमध्येही असतो.

माझ्यात होता. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत माझ्या हाऊसमधला सातवीतला एक मुलगा परेडहून लंगडत येताना दिसला. महाराष्ट्रातूनच आलेला, उत्तरेकडच्या थंडीतले त्याचे पहिलेच वर्ष. मी विचारले, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काही नाही सर, बूट नवीन आहेत." "मग चालून चालून सैल होतील," असे म्हणून मी पुढे गेलो. टाचेला फोड आला होता. एम.आय. रूममध्ये गेलो तर क्रॉस कंट्रीच्या संघातून नाव निघेल आणि मुले बहाणेबाज म्हणतील, या भीतीने त्याने तो सेफ्टी पिनने फोडला आणि त्यावरच ओलसर मोजा चढवला. चौथ्या दिवशी रात्री ताप चढला. पाय घोट्यापर्यंत लाल, गरम आणि सुजलेला. जंतुसंसर्ग कातडीखाली पसरला होता. रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक द्यावी लागली. तो बरा झाला, पण क्रॉस कंट्री हुकली ती हुकलीच. त्याच्या वडिलांना फोन करताना 'बूट नवीन आहेत' हे वाक्य मी आधी ऐकले होते, ही गोष्ट मला सांगता आली नाही. आज सांगतो आहे.

म्हणून यंदाची सुरुवात पायांपासून करू.

सैन्याने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. पहिल्या महायुद्धात १९१४च्या हिवाळ्यात फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर सैनिक दिवसेंदिवस चिखलपाण्याच्या खंदकात उभे होते. आपले भारतीय जवानही तिथे होते. गोळी न लागता हजारो सैनिक निकामी झाले, कारण पाय सतत ओले आणि गार राहिल्याने बधिर होऊन सुजत, त्यावर फोड येत, काहींचे पाय कुजत. 'ट्रेंच फूट' हे नाव तेव्हा रूढ झाले. त्यासाठी बर्फच लागतो असे नाही, हे लक्षात घ्या. तापमान गोठणबिंदूच्या वर असले तरी ओलावा, गारवा आणि घट्ट बूट एवढे पुरते. उपायही साधाच निघाला : बूट काढा, पाय पुसून कोरडे करा, चोळा, कोरडे मोजे घाला. हे काम जवानाच्या मर्जीवर न सोडता त्याचा हुकूम निघाला. जवानांच्या जोड्या लावून एकाने दुसऱ्याचे पाय तपासायचे, आणि पलटणीत पाय बिघडले तर जाब अधिकाऱ्याला. पायांची काळजी ही शिस्तीची बाब ठरली ती अशी.

आपल्याकडे खंदक नाहीत, पण जानेवारीचे धुके आहे. धुतलेले मोजे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. मग मुले दमट मोजेच घालतात, किंवा थंडी वाजते म्हणून एकावर एक दोन जोड चढवतात. हा दुसरा प्रकार वरकरणी शहाणपणाचा, पण घात करणारा. बूट एका जोडाच्या मापाचा असतो. दुसरा जोड घातला की पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटे उलट जास्त गार पडतात. जाड मोजा घालायचा असेल तर बूटही त्या मोज्यासकट मापून घ्यायला हवा. दिवसभरात पाय थोडे फुगतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नवा बूट पहिल्याच दिवशी परेडवर नेऊ नका. आठवडाभर प्रेपच्या वेळी तासभर घाला.

थंडीत काहींच्या हातापायाची बोटे लाल-जांभळी होऊन सुजतात आणि रात्री रजईत ऊब मिळाली की विलक्षण खाज सुटते. डॉक्टर याला चिलब्लेन म्हणतात. कोल्हापूर-सोलापूरकडून आलेल्या मुलांनी हे कधी पाहिलेले नसते, त्यामुळे ती घाबरतात आणि गारठलेली बोटे सरळ हीटरसमोर धरतात. तेच करायचे नाही. गार पडलेल्या कातडीला एकदम उष्णता दिली की त्रास वाढतो. मोजे-हातमोजे घालून हळूहळू ऊब येऊ द्या, खाजवू नका, आणि फोड आला किंवा जखम झाली तर दाखवा. ओले बूटही हीटरसमोर ठेवू नयेत, चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते ओले झाले की बदला.

फोडाबद्दल एकच सांगतो : फोडू नका. वरची कातडी हीच त्याची सर्वांत चांगली पट्टी. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने धुऊन, स्वच्छ पट्टी लावून एम.आय. रूम गाठा. भोवती लाली पसरत असेल, पू असेल किंवा ताप असेल तर सकाळच्या सिक रिपोर्टची वाट पाहू नका. रात्रीच ड्यूटीवरच्या शिक्षकांना उठवा. कुणी रागावणार नाही. रागावले तर मला सांगा.

आता गजकर्ण. हा विषय मुले सर्वांत जास्त लपवतात, कारण ते जांघेत येते. इंग्रजांच्या काळात गोऱ्यांनी त्याला 'धोबी इच' असे नाव देऊन दोष बिचाऱ्या धोब्याच्या माथी मारला. खरे कारण बुरशी. घाम, घट्ट कपडे आणि एकमेकांचे टॉवेल वापरणे यांवर ती पोसते. थंडीत मुले अंघोळ चुकवतात आणि आतले कपडे तेच घालतात, म्हणून ती याही ऋतूत सुटत नाही. पालकांना इथे एक कळकळीची विनंती आहे. घरच्या औषधाच्या डब्यातली मलमाची ट्यूब मुलाबरोबर पाठवू नका. दुकानात सहज मिळणाऱ्या अशा बऱ्याच मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि मुलाला बरे झाल्यासारखे वाटते. पण आतली बुरशी वाढत राहते, चट्टे पसरतात, पुढे नेहमीची औषधेही लवकर लागू पडत नाहीत, आणि फार दिवस लावल्यास कातडी पातळ होते. डॉक्टरांनी दिलेले औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे लागते. टॉवेल मात्र प्रत्येकाचा वेगळाच हवा, जिवलग मित्र असला तरी.

मुली आता आपल्यासारख्या शाळांमध्ये येऊ लागल्या आहेत, म्हणून हेही लिहितो. पाळीच्या दिवसांत पॅड चार ते सहा तासांनी बदलायला हवा आणि त्यासाठी वर्गातून किंवा मैदानातून जाण्याची परवानगी मागताना कारण सांगण्याची गरज पडू नये. ही जबाबदारी आमची आहे. दुखणे फार असेल तर मेट्रनना सांगा. सहन करणे म्हणजे शौर्य, असा त्याचा हिशेब नाही.

झोपेचे गणित जरा अवघड आहे, आणि त्यात दोष कॅडेटचा एकट्याचा नाही. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते, असे झोपेचे अभ्यासक सांगतात. या वयात शरीराचे घड्याळही पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते, त्यामुळे लहानपणी नऊला पेंगणारा मुलगा अकरापर्यंत टक्क जागा राहतो. हा आळस किंवा बेशिस्त नव्हे. दहाला लाइट्स आऊट आणि साडेपाचला उठणे धरले तर साडेसात तास मिळतात, तेही पडल्या पडल्या झोप लागली तर. म्हणजे आपण आधीच तोट्यात आहोत. त्यातून पांघरुणात टॉर्च लावून वाचणारा रात्रीत एक तास कमावतो आणि दुसऱ्या दिवशी दोन तासिकांत डुलक्या घेऊन तो घालवतो. दुपारच्या विश्रांतीची वीस-पंचवीस मिनिटे खरोखर आडवे होण्यासाठी वापरा. आणि सहकारी शिक्षकांनो, लाइट्स आऊटनंतर दिलेली शिक्षा दुसऱ्या दिवशीच्या गणिताच्या तासाला भरावी लागते, हे मी माझ्याच वर्गात पाहिले आहे.

दातांचे आणि पाण्याचे थोडक्यात. रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी होते. थंडीत तहान कमी लागते, पण पीटीत घाम जातोच. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडते आहे असे समजा. टाचेच्या भेगांना तेल किंवा व्हॅसलीन लावा, पण बोटांच्या बेचक्यात नको, तिथे कोरडेपणाच हवा. आणि हो, आईने दिलेली खोबरेल तेलाची बाटली इथे जानेवारीत दगड होते. ती खराब झालेली नसते. कोमट पाण्यात ठेवा.

हे सगळे ठाऊक असूनही होत का नाही? कारण सवय निश्चयाच्या जोरावर लागत नाही, ती जागेला आणि वेळेला चिकटते. '२१ दिवसांत सवय लागते' हे वाक्य भिंतीभिंतीवर लिहिलेले असते. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकात आहे. नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान तीन आठवडे लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. सवयींशी त्याचा संबंध नंतर लोकांनी जोडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी सहकाऱ्यांसह ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला. तो २०१०मध्ये छापून आला. एखादी कृती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाचे काम १८ दिवसांत झाले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाच्या उशिरा. मला त्यातली सर्वांत कामाची वाटली ती ही गोष्ट : एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही. कपाटावरचे संकल्प नेमके इथेच मरतात. तिसऱ्या दिवशी खाडा पडला की मुले म्हणतात, 'गेलं आता.' काही गेलेले नसते. ६६ दिवस धरले तर जानेवारीत सुरू केलेली सवय मार्च उजाडल्यावर, परीक्षेच्या तोंडावर मुरते.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलेली युक्ती अशी, की संकल्प 'अमुक झाले की तमुक करीन' या साच्यात बांधावा. 'पायांची काळजी घेईन' हा संकल्प हवेत राहतो. 'संध्याकाळच्या खेळानंतर बूट काढले की मोजे घालण्याआधी बोटांची बेचकी पुसीन' हा जमिनीवर असतो. आपल्यासारख्या शाळेत ही युक्ती फार सोपी पडते, कारण आपला दिवस घंटा आणि शिट्ट्यांनी आधीच बांधलेला आहे. घरच्या मुलाला सवय अडकवायला खुंटी शोधावी लागते, आपल्याकडे त्या रांगेने ठोकलेल्या आहेत. एका वेळी एकच सवय अडकवा. नऊ संकल्पांचा कागद फाडून टाकलात तरी चालेल.

पालकांनी रविवारच्या फोनवर 'जेवलास का' हे जरूर विचारावे, पण त्यानंतर 'टाच कशी आहे, मोजे वाळतात का' हेही विचारावे. चिवड्याच्या डब्याबरोबर सुती किंवा लोकरी मोज्यांचे तीन जोड पाठवले तर एक पायात, एक कपाटात आणि एक दोरीवर असा हिशेब बसतो. 'सगळं ठीक आहे' हे उत्तर पहिल्यांदा आले तर अजून एकदा विचारा. मी एकदाच विचारले होते.

आमच्या हाऊसमध्ये त्या घटनेनंतर रविवारी दुपारी जेवणानंतर दहा मिनिटे पाय तपासणी असते. जोड्या ठरलेल्या आहेत. दोघांनी समोरासमोर बसायचे, मोजे काढायचे, टाच, बेचकी आणि नखे पाहायची. नखे सरळ कापलेली हवीत, कोपरे गोल कापले तर ती मांसात शिरतात. सुरुवातीला खूप हशा आणि नाक दाबणे झाले, तिसऱ्या रविवारी ते थांबले. कॅडेटची संख्या विषम आहे म्हणून माझी जोडी नववीतल्या एकाशी लागली आहे. मागच्या आठवड्यात त्याने माझ्या डाव्या टाचेची भेग बराच वेळ पाहिली आणि गंभीरपणे म्हणाला, "सर, रक्त आलंय. एम.आय. रूम." सोमवारी सकाळी मी सिक रिपोर्टच्या रांगेत उभा होतो, सहावीतल्या दोघांच्या मागे.