बुडबुड्यांनी निघतं तेल! साबण-डिझेल वाचतं, पण निघालेलं तेल जातं कुठं?

ट्रॅक्टरचं ऑइल बदललं की हात, पाने, नट-बोल्ट सगळं काळं होतं. मग डब्यात थोडं डिझेल घ्यायचं, ब्रशनं घासायचं, वरून पावडरचं पाणी मारायचं आणि ते काळं पाणी नालीत सोडायचं. गावोगावी हेच चालतं. नाली पुढे ओढ्याला मिळते, आणि ओढ्याकाठी आपलीच विहीर असते.

तेल काढायला डिझेल किंवा ढीगभर पावडर लागतेच असं नाही. पाण्यातले बारीक बुडबुडेही तेल काढतात. ते कसं, हे समजून घेऊ.

घरी करून बघा

ग्लासात सोडा ओता आणि चार मनुके टाका. आधी ते तळाला जातात. थोड्या वेळानं बुडबुडे चिकटले की वर येतात, बुडबुडे फुटले की पुन्हा खाली जातात. जड वस्तूलाही बुडबुडा उचलतो, तो असा.

तेलाच्या बाबतीत तर हे काम आणखी सोपं. तेलाचं पाण्याशी जमत नाही, हवेचंही जमत नाही. त्यामुळे पाण्यात हवेचा बुडबुडा आला की तेलाचा थेंब त्याला चिकटतो आणि दोघं मिळून वर येतात.

बुडबुडा बारीकच का हवा?

एक मिलिमीटरचा एक बुडबुडा घ्या. तेवढ्याच हवेचे शंभरपट बारीक बुडबुडे केले, तर ते होतात 10 लाख! हवा तेवढीच, पण तेलाला चिकटायला जागा शंभरपट. शिवाय मोठा बुडबुडा काही सेकंदांत वर येऊन फुटतो. एवढ्या बारीक बुडबुड्याला मात्र एक फूट वर चढायला हिशेबानं तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे तेल पकडायला त्याला भरपूर वेळ मिळतो.

मोठ्या डेअऱ्यांच्या सांडपाण्यातलं तूप-तेल याच पद्धतीनं काढतात. दाबाखाली पाण्यात हवा मुरवतात आणि दाब एकदम सोडतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसंच. पाणी दुधासारखं पांढरं होतं, तेलाची साय वर येते आणि ती वरच्यावर ओढून घेतात.

सोनाराकडचं छोटं मशीन

दागिने किंवा चष्मा धुवायला सोनार, चष्मेवाले पाण्याचं एक छोटं मशीन वापरतात. डिझेल पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्यांकडेही असं मशीन असतं. त्यातलं पाणी सेकंदाला साधारण 40 हजार वेळा थरथरतं. आपल्या कानाला तो आवाज ऐकू येत नाही. त्या थरथरीनं बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच मिटतात. मिटताना पाण्याची बारीक धार पृष्ठभागावर आदळते आणि फटीतलं, आट्यातलं ग्रीससुद्धा सुटतं. ब्रश पोचत नाही तिथं बुडबुडा पोचतो.

यात किती जोर असतो? विहिरीवरच्या पंपाची ओढ जास्त झाली किंवा फूटव्हॉल्व्ह तुंबला की पंप खडे वाजल्यासारखा आवाज करतो. पुढं उघडून बघितलं तर इंपेलरला खड्डे दिसतात. बुडबुडे मिटण्याचाच तो मार असतो. मशीनमध्ये हाच मार आवरून वापरतात.

या मशीनलाही कोमट पाणी आणि थोडा साबण लागतो, पण डिझेल-रॉकेल लागत नाही. त्यात पेट्रोल कधीही टाकू नका, भडका उडू शकतो. मोती आणि पन्नाही त्यात घालू नका, खराब होतात.

खरी गोष्ट इथं आहे

बुडबुडा तेल सोडवतो, नाहीसं करत नाही. साबणही नाहीसं करत नाही. तो फक्त तेलाचे इतके बारीक थेंब करतो, की ते पाण्यात मिसळून जातात. डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं गेलं. असं साबणात विरघळल्यासारखं झालेलं तेल वर आणणं अवघड असतं. त्यासाठी आधी तुरटीसारखं काही टाकावं लागतं. साबण कमी असेल, तर तेल वर तरंगतं आणि गोळा करता येतं. बुडबुड्यांचा मोठा फायदा हाच.

मशीन नसलं तरी एवढं करा

- धुण्याआधी भुसा किंवा जुन्या चिंधीनं तेल टिपून घ्या. निम्मं काम तिथंच होतं.
- मग गरम पाणी आणि मोजकी पावडर वापरा.
- विहीर, बोअर, हातपंप, ओढा यांच्याजवळ धुऊ नका.
- पाणी बादलीत थांबू द्या. वर आलेलं तेल वाटीनं काढून डब्यात भरा.
- जुनं ऑइल कॅनमध्ये साठवा. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं. ते नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडंच जायला हवं. गॅरेजवाल्याला देताना तो पुढे कुणाला देतो, हे विचारा.

हात स्वच्छ झाले म्हणजे काम संपलं नाही. ते काळं पाणी कुठं गेलं, हे एकदा मागं वळून बघा.