बुधवारच्या बैठका

घाट चढताना दम लागतो, हे आम्हा सातारकरांना कुणी सांगायला नको. पण घाट उतरतानाही माणूस रडकुंडीला येतो, हे मला कळले ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर!

२०१२ पासून आमच्या गावी सातारा हिल हाफ मॅरेथॉन भरते. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून माघारी वळायचे आणि तोच घाट उतरून परतायचे. २०२३ साली मीही नाव नोंदवले. तयारी काय, तर रोज पहाटे उठून पळणे. विश्रांती नाही की दुसरा व्यायाम नाही. चढ मी ऐटीत चढलो. उतारावर मात्र मांड्या थरथरू लागल्या, गुडघा कुरकुरू लागला आणि उरलेली वाट लंगडत संपवली.

दुसऱ्या दिवशी कठडा धरून, आडवी पावले टाकत जिना उतरत होतो. खाली ऐंशीची आई उभी. म्हणाली, "अरे, तू तर माझ्यासारखाच उतरायला लागलास!" घरातले सगळे हसले. मला हसू आले नाही. आणखी तीस वर्षांनी दिसायचे ते चित्र मला आजच दिसले होते.

गुडघ्याला इजा नव्हती. डॉक्टर म्हणाले, "तुमचे पाय पळायला शिकलेत, स्वतःला आवरायला नाही." उतारावर दर पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकचे काम करतात, ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात. ही ताकद सपाटीवर पळून पुरेशी येत नाही. शिवाय वयाबरोबर स्नायू घटतात. त्यांना काम दिले, तर ही घट मंदावते.

मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बारा आठवड्यांचा बेत मांडला. सोमवारी पूर्ण विश्रांती. मंगळवारी सहा किलोमीटर, शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. गुरुवारी थोडा चढ आणि सावकाश उतार. शनिवारी चार किलोमीटर, तेही रमतगमत. रविवारी लांबची दौड: आठ किलोमीटरपासून सुरुवात, दर आठवड्याला दीड किलोमीटरची भर आणि दर चौथ्या आठवड्याला माघार. असे करत दहाव्या आठवड्यात साडेअठरा गाठायचे आणि शेवटचे दोन आठवडे हात आखडता घ्यायचा. स्पर्धेचे २१.०९७५ किलोमीटर आधी पळून पाहायची गरज नसते.

उरले बुधवार आणि शुक्रवार. ते ताकदीचे. आमचे वडील तालमीत जात. त्यांच्या बैठका लहानपणी पाहिल्या होत्या, त्याच आता कामी आल्या. चार आकडे मोजत खाली जायचे आणि झटक्यात वर यायचे. दहाच्या तीन फेऱ्या. त्या सोप्या वाटू लागल्यावर पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून एकेका पायाने हळू उतरणे, टाचा उचलणे, सेतुबंधासन आणि कोपरांवर अंग तोलून धरणे. सारे अर्ध्या तासात आटोपते. शुक्रवारी हेच, पण निम्मे. मात्र चाळिशी उलटलेल्यांनी सुरुवातीला डॉक्टरांना भेटावे आणि दुखणे रेटून पळू नये.

२०२४ साली पुन्हा घाट चढलो. वेळ काही फार कमी झाली नाही, पण उतारावर एकदाही चाललो नाही. दुसऱ्या दिवशी जिनाही सरळ उतरलो.

आई खालून बघत होती. त्या बुधवारी मी पिशवी उचलली, तशी तीही खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. डॉक्टरांना विचारून घेतले आणि तेव्हापासून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठणे, पाच वेळा बसणे हा तिचा नेम झाला आहे. गेल्या बुधवारी मी कंटाळा करून पेपर वाचत पडलो होतो. आतून हाक आली, "अरे, माझे पाच झाले. तुझे कुठवर आलेत?"