पांच तत्त्वज्ञ आणि पांच कांटे

अनेक संगणकांनीं एकाच वेळीं, सामाईक साधनें वापरून कामें केलीं, तर कोणती अडचण उद्भवते? डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनीं १९६५ सालीं हा प्रश्न विद्यार्थ्यांस परीक्षेंत घातला. त्यास पुढील कथेचें रूप ब्रिटिश शास्त्रज्ञ होअर यांनीं दिलें.

वाटोळ्या मेजाभोंवतीं पांच तत्त्वज्ञ बसले आहेत. दोघादोघांमध्यें एकच कांटा. जेवावयास मात्र दोन हवेत. सर्वांनीं एकदम डावीकडचा कांटा उचलला, तर उजवीकडचा कोणासच मिळत नाहीं. हातचा कोणी सोडीना, शेजाऱ्याचा मिळेना. अन्न समोर असून सारे उपाशी! बँकेच्या हिशेबांतही दोन आज्ञावल्या एकेक खातें अडवून दुसऱ्याची वाट पाहूं लागल्या, म्हणजे काम असेंच खुंटतें.

उपाय असा: कांट्यांस १ ते ५ क्रमांक द्यावे, व प्रत्येकानें लहान क्रमांकाचा कांटा आधीं उचलावा. आतां ५ व १ यांमधील तत्त्वज्ञास प्रथम १ हवा. तो शेजाऱ्यानें घेतला असल्यास हा थांबतो, ५ मोकळा राहतो व ४ धरून बसलेला जेवूं शकतो. त्यानें कांटे ठेवले, कीं पुढच्याची पाळी येते.

अशा परस्परव्यवहारांचें बीजगणित रॉबिन मिल्नर यांनीं १९८० सालीं ग्रंथरूपानें मांडलें. १९९१ सालीं त्यांस ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. पांचही तत्त्वज्ञ शहाणे होते. उणीव होती ती एका सर्वमान्य नियमाची.