चाक नेमकं बसतं कुठे?
चाकाचं गणित : लेखांक सहावा

गाडीची चाकं बदलायची म्हटली की सगळ्यांचं लक्ष आधी व्यासाकडे जातं. पंधरा इंची काढून सोळा इंची घालायची, वर जरा रुंद टायर, की झालं काम. गेल्या आठवड्यात टायरच्या कडेवरचे आकडे वाचले, तेही व्यास आणि रुंदीचेच. पण चाक मडगार्डच्या किती आत किंवा बाहेर बसणार, हे सांगणारा आकडा टायरवर नसतोच. तो बहुधा रिमच्या आतल्या अंगाला, धातूतच उमटवलेला असतो : ईटी 23, ईटी 52 असा काहीतरी. नेमक्या याच दोन आकड्यांमुळे पोर्शे 944 बाळगणाऱ्यांमध्ये ‘आधीची’ आणि ‘नंतरची’ अशा दोन जाती पडल्या आहेत.

ईटी म्हणजे ऑफसेट. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक उभी रेघ कल्पावी. हबला टेकणारा रिमचा सपाट भाग त्या रेघेपासून बाहेरच्या बाजूला जितके मिलिमीटर सरकलेला, तितका ईटी. आकडा वाढला की चाक गाडीच्या पोटात जातं, कमी झाला की बाहेर येतं. बुचकळ्यात पाडणारा हिशेब आहे खरा, पण एकदा बसला की विसरत नाही.

944 ही 1980च्या दशकातली पोर्शे. चार सिलिंडरचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. 1986पर्यंतच्या गाड्यांना साधारण ईटी 23ची चाकं लागत. 1987च्या मॉडेलपासून सस्पेन्शनची मांडणी बदलली आणि चाकं ईटी 52च्या आसपास गेली. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसतो तो फक्त रिमच्या चेहऱ्यात. भोकं मात्र तीच : 130 मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच. मधलं मोठं भोकही तेच, 71.6 मिलिमीटरचं. म्हणजे 1989च्या गाडीची चाकं 1985च्या गाडीच्या स्टडवर बिनतक्रार चढतात. तक्रार पुढे सुरू होते, कारण चाक 29 मिलिमीटर आत गेलेलं असतं आणि टायर सस्पेन्शनला घासायच्या बेतात असतो.

इथे स्पेसर येतो. हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती, एवढंच त्याचं रूप. 28 मिलिमीटरची चकती घातली की नव्या धाटणीचं चाक जुन्या गाडीत जवळपास मूळ जागी येतं. टायरचा मध्य जिथे असावा असं पोर्शेच्या अभियंत्यांनी ठरवलं होतं, तिथेच तो पुन्हा पोचतो. स्पेसर म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावं.

उलटा प्रकार मात्र वेगळा. 1987नंतरच्या गाडीवर, चाकं मडगार्डच्या कडेशी आली की गाडी ऐटदार दिसते म्हणून 25 मिलिमीटरची चकती चढवणारे बरेच. मुळात ऑफसेट बदलला होता कशासाठी? एबीएससाठी. एका बाजूची चाकं कोरड्या डांबरावर आणि दुसऱ्या बाजूची ओल्या मातीवर असताना ब्रेक दाबला, तर कोरडी बाजू जास्त पकडते आणि गाडी तिकडे ओढली जाते. अशा वेळी पुढच्या चाकांनी स्टिअरिंग आपसूक उलट दिशेला थोडं वळवावं, अशी मांडणी करता येते. पुढचं चाक वळताना ज्या तिरप्या आसाभोवती फिरतं, तो आस खाली वाढवला तर जमिनीला कुठेतरी टेकतो. तो बिंदू टायरच्या मध्याच्या बाहेर पडला की हा परिणाम साधतो. ऑडीने 1972च्या ‘80’ या साध्या कुटुंबाच्या गाडीत तो साधला होता. नंतरच्या 944मध्येही हीच युक्ती आहे आणि तिचं सगळं भांडवल काही मिलिमीटरांचं. 25 मिलिमीटरची चकती घालणारा ते भांडवल दिसण्यापायी उधळतो. कोरड्या रस्त्यावर त्याला काही जाणवणारही नाही. जाणवेल ते पहिल्या पावसात, नको त्या क्षणी.

आता बसवण्याकडे. चाक बोल्टवर किंवा स्टडवर लटकलेलं असतं, हा सार्वत्रिक गैरसमज. खरं काम करतं ते घर्षण. 944च्या 14 मिलिमीटरच्या स्टडवर नट 130 न्यूटन-मीटरने आवळला की तो रिमला हबवर ढोबळमानाने साडेचार टनांच्या जोराने दाबतो. पाच नटांचे मिळून वीस टनांच्या वर. या दाबामुळे दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतात. ब्रेक आणि वळणांचा जोर तेच पेलतात. स्पेसर घातला की अशा सांध्यांची संख्या एकावरून दोनवर जाते. म्हणून हबवरचा गंज तारेच्या ब्रशने लख्ख घासणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. रंगाचा पापुद्रा किंवा मातीचा कण मध्ये राहिला तर तो पुढे दबतो, झिजतो आणि नट सैल पडतो.

हबच्या मध्यावर उंचवटा असतो, रिमचं 71.6चं भोक त्यावर घट्ट बसतं आणि चाक केंद्रात राहतं. जाड चकतीला बाहेरच्या अंगाने तसाच उंचवटा कातलेला असला पाहिजे; नसेल तर ती घेऊच नये. तीन-पाच मिलिमीटरच्या पातळ चकतीची पंचाईत वेगळी. तिच्यावर उंचवटा कातायला जाडीच नसते आणि हबचा मूळ उंचवटा मात्र ती निम्माअर्धा गिळते. पोर्शेने स्वतः बॉक्स्टर आणि 911साठी पाच मिलिमीटरचे स्पेसर विकले, पण लांब बोल्टांसकट. ते ‘सकट’ महत्त्वाचं. चकती जेवढी जाड, तेवढे आटे कमी गुंततात. 14 मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर आट्याच्या बोल्टाला निदान साडेसात फेरे मिळायलाच हवेत. हाताने फिरवत मोजावेत. दोन मिनिटांचं काम आहे.

नटाचा तळही पाहावा. पोर्शेच्या रिमला गोलसर बुडाचा नट लागतो. बाजारात सर्रास मिळणारा शंकूच्या बुडाचा नट त्यात बसल्यासारखा वाटतो खरा, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर.

28 मिलिमीटरच्या चकत्या दोन तऱ्हांच्या. एक नुसती, तिच्यासाठी हबचे स्टड काढून लांब स्टड दाबून बसवावे लागतात. दुसरी आधी हबवर नटांनी आवळायची आणि मग तिच्या स्वतःच्या स्टडवर चाक चढवायचं. दुसरी सोपी, म्हणून लोकप्रिय. तिची खोड अशी की आतले नट चाकामागे झाकले जातात. ते सैल झाले तरी चाक उतरवल्याशिवाय कळत नाही. शिवाय मूळ स्टड चकतीबाहेर डोकावत असतील तर रिम त्यांच्यावर टेकून अधांतरी राहतं.

बेअरिंग लगेच जातात, ही भीती बरीच फुगवलेली. बाराशे किलोच्या गाडीचं एका चाकावरचं वजन तीनशे किलो. ते 28 मिलिमीटर बाहेर सरकलं तर बेअरिंगवर सुमारे 80 न्यूटन-मीटरचा पीळ वाढतो. जोरात वळण घेताना टायरवरचं आडवं बळ त्याच बेअरिंगला हजाराच्या घरातला पीळ देतं. आयुष्य थोडं कमी होईल, पण चाक निखळलं तर दोष बहुतेक वेळा आट्यांचा, गंजाचा किंवा आवळणाऱ्याचा असणार. एअर गनने ‘टर्रर्र’ करून मोकळं होणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नये. टॉर्क रेंच, चांदणीच्या क्रमाने आवळणं आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी, एवढं पथ्य. एका चकतीवर दुसरी रचण्याचा विचारही नको.

जर्मनीत अशी चकती घातल्यावर प्रमाणपत्राचा कागद लागतो, तो नसेल तर तपासनीसाकडे गाडी नेऊन नोंद करावी लागते. नाहीतर गाडीचा परवानाच धोक्यात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई करतं. तेव्हा पुण्या-मुंबईत कुणी हौसेने चकत्या मागवत असेल, तर पैसे भरण्याआधी आपल्या गाडीचा मूळ ईटी आणि नव्या रिमचा ईटी कागदावर शेजारी-शेजारी लिहावा, आणि चकती चाकाला मूळ जागेकडे नेते आहे की तिच्यापासून दूर, ते पाहावं.