मातीच्या कलाने घडलेले देव

जपानी मातीकामातल्या जुन्या देवमूर्ती पाहताना नजर आधी रंगांकडे जाते. सात्सुमा शैलीतली सोनेरी नक्षीची करुणादेवता कान्नोन, कुतानी शैलीतला रंगीत होतेई देव लगेच डोळ्यांत भरतात. ओकायामाजवळच्या इम्बे गावातल्या ‘बिझेन’ शैलीच्या मूर्तींवर मात्र रंग नाही, चकचकीत लेपही नाही. दिसते ती नुसती भाजलेली तपकिरी माती. म्हणूनच देवाच्या रूपात मातीचा आणि आगीचा वाटा केवढा, हे त्यांच्याइतकं उघडपणे क्वचितच दिसतं.

बिझेनची माती भातखाचरांच्या खालून काढतात. ती चिकट आणि लोहयुक्त असते. भाजताना बरीच आकसते, एकदम तापवली तर तडकते. त्यामुळे पाइनची लाकडं घालत भट्टीचा ताव हळूहळू चढवतात. एकेक भट्टी आठवडा-दोन आठवडे पेटती राहते. अशा मातीला पसरलेले हात, सुटे दागिने झेपत नाहीत. दाइकोकु भाताच्या दोन मुड्यांवर उभा असतो; त्याची झोळी खांद्याला आणि हातोडी अंगाला बिलगलेली. एबिसू या देवाचा मासाही काखेत घट्ट धरलेला. कुणी म्हणेल, लाकडातला दाइकोकुही गुबगुबीतच असतो, मग मातीचं श्रेय काय? मूळच्या भारतीय महाकालाचा हा सुबत्तेचा हसरा देव झाला तो जपानी श्रद्धेमुळे, हे खरंच. पण लाकडात अनेक हातांची कान्नोनही सहज उभी राहते. क्योतोच्या सान्जूसान्गेन्दो मंदिरात तशा 1001 मूर्ती आहेत. बिझेनच्या कुंभारांना मात्र आटोपशीर अंगाचेच देव मानवले.

दुसरा आक्षेप साच्याचा. एकाच साच्यातून अनेक मूर्ती निघतात, मग त्यात कला कुठली? पण साचा देतो तो ढोबळ आकार. दोन अर्धुकं जोडून सांधा बुजवायचा, पोकळ मूर्तीतली हवा निघायला भोक ठेवायचं, साच्यात बोथट झालेल्या पापण्या आणि वस्त्राच्या चुण्या कोरणीने पुन्हा धारदार करायच्या, हे सगळं हातानेच होतं. वर लेप नसल्याने चुकलेली रेघ लपत नाही. शिवाय भट्टीत उघड्या ठेवलेल्या मूर्तीच्या खांद्यावर राख पडून वितळते आणि पिवळसर ठिपके उमटतात. त्यांना तिथे ‘गोमा’, म्हणजे तीळ म्हणतात. ते दोन मूर्तींवर सारखे उमटत नाहीत.

या कामातली शिस्त किती मोलाची, याची साक्ष कानेशिगे तोयो देतात. 1956मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळालेला हा कुंभार आधी मूर्तिकामातच तयार झाला, चहाच्या भांड्यांकडे नंतर वळला. तेव्हा अशा मूर्तींना नुसत्या शोभेच्या वस्तू म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे. देव ओळखला की पाहणं संपत नाही. सांधा, चुणी आणि खांद्यावरची राखही वाचायला हवी.